बाबांचा सीआरपी वाढलाय, मग हृदयासाठी दाह कमी करणारं औषध का देत नाहीत?

शर्वरी_म

नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७१ वर्षांचे. हार्ट अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालं, आत्ताच्या इकोत ईएफ, म्हणजे एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३२ टक्के आलाय. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, शिवाय पाण्याची गोळी म्हणून टोरसेमाइड आणि रक्त पातळ राहायला कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, असं सगळं चालू आहे. मध्यंतरी बरे होते. हल्ली पुन्हा जिना चढताना धाप लागते आणि संध्याकाळी मोज्याच्या रबराचा वण घोट्यावर खोल उमटलेला दिसतो.

या वेळच्या रक्ततपासणीत हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा आकडा, ६.४ आला. रिपोर्टवरच छापलंय की ३ च्या वर म्हणजे जास्त धोका. डॉक्टरांनी आकडा पाहिला, काही बोलले नाहीत, आणि क्रिएटिनिनकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीकडे, वळले. घरी येऊन मी वाचायला बसले तर जिथे तिथे हेच, की हार्ट फेल्युअर हा मुळात प्रतिकारयंत्रणा बिघडल्याचा, दाहाचा आजार आहे.

त्यात आमच्या आत्याला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. टीएनएफ (दाह पेटवणारं प्रथिन) रोखणारं इंजेक्शन सुरू केल्यापासून तिची बोटं वळायला लागली, सीआरपी खाली आला. ती मला फोनवर म्हणाली, "अगं, दादाच्या हृदयातही तेच चाललं असेल तर त्याला हेच औषध द्यायला सांग ना." मला उत्तर देता आलं नाही.

तर विचारायचं एवढंच, की हे खरं आहे की नुसतं नवं फॅड? आणि खरं असेल तर त्यावरचं औषध का देत नाहीत?

---

थेट_बोल

दाह हेच सगळ्या आजारांचं मूळ आहे, डॉक्टर लोक मान्य करत नाहीत इतकंच. इंजेक्शनच्या भानगडीत पडू नका. साधी सूज उतरवणारी गोळी आठवडाभर देऊन बघा, सीआरपीही उतरेल आणि पायाची सूजही.

---

गोळ्यांची_पिशवी

शर्वरी, वरचा सल्ला पाळू नका. का ते सांगते, पण आधी तुमच्या आत्यांबद्दल. त्यांनी विचारलेला प्रश्न भाबडा नाहीये. तोच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या हृदयतज्ज्ञांना पडला होता आणि त्यांनी तो हजारो रुग्णांवर तपासून पाहिला.

मी हार्ट फेल्युअर क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे. रुग्ण घरून औषधांची पिशवी घेऊन येतात, ती टेबलावर ओतायची आणि एकेक पट्टी उलटून पाहायची हे माझं काम. त्यामुळे मी औषधाच्या अंगानेच बोलेन.

फॅड नाही, हे पहिलं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी सापडतो हे १९५६ सालीच छापून आलं होतं. ते काम करणाऱ्यांमध्ये यूजीन ब्राउनवाल्ड होते, जे पुढे हृदयरोगशास्त्रातलं फार मोठं नाव झाले. मग १९९० मध्ये दिसलं की गंभीर हार्ट फेल्युअर असलेल्यांच्या रक्तात टीएनएफ वाढलेला असतो, आणि जे रुग्ण झडत चाललेत, ज्यांचे खांदे नि मांड्या नुसत्या हाडांवर आल्यात, त्यांच्यात तो विशेष वाढलेला. प्राण्यांना टीएनएफ टोचला तर त्यांचं हृदय ढिलं पडतं हेही दिसलं. साखळी जुळली असं सगळ्यांनाच वाटलं. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधं हाताशी होतीच.

इटॅनरसेप्टच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून २०४८ रुग्ण. फायदा होण्याची चिन्हं दिसेनात म्हणून २००१ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी छोटी होती, १५० रुग्णांची, निष्कर्ष २००३ मध्ये आले. तिथे नुसतं अपयश नव्हतं. वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम असा मोठा डोस ज्यांना दिला, त्यांच्यात मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं, दोन्ही मिळून, वाढलं. सीआरपी मात्र त्यांचाही छान उतरला होता! म्हणून रिपोर्टवरचा आकडा खाली आला की मला लगेच आनंद होत नाही.

आज इन्फ्लिक्सिमॅबच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की मध्यम ते गंभीर हार्ट फेल्युअर असेल तर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही. आत्यांना जे लागू पडलं ते बाबांना न देण्यामागे डॉक्टरांचं अज्ञान नाही. करून पाहिलंय आणि अंगाशी आलंय.

आता माझा एक प्रश्न. धाप आणि घोट्यावरची सूज नव्याने सुरू झालीये म्हणता. बाबा गुडघे, कंबर, खांदा, कशासाठीही वेगळी गोळी घेतात का? त्यांनी "नाही" म्हटलं तरी कपाट उघडून बघा.

---

काचपट्टी

मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयाचे काप काचपट्टीवर घेऊन त्यातल्या प्रतिकारपेशी मोजतो, दिवसभर हेच. गोळ्यांची_पिशवी यांनी अपयश सांगितलं, ते का आलं असावं यावर थोडं.

निरोगी हृदयाचा काप रंगवून पाहिला तरी स्नायूंच्या तंतूंमध्ये मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी बसलेल्या दिसतात. लांबट, बारीक हातपाय पसरलेले. हे काही बाहेरून घुसलेले नव्हेत, यांतले पुष्कळ गर्भावस्थेतच हृदयात आलेल्यांचे वंशज. मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात. २०१७ मध्ये तर असं दिसलं की हृदयातून वीज जिथून खाली उतरते त्या एव्ही नोडमध्ये ते स्नायूपेशींना चिकटून विद्युतसंदेश पुढे जायला मदत करतात. उंदरांतून ते काढून टाकले तर तिथला संदेश अडतो. म्हणजे प्रतिकारयंत्रणा हृदयावर हल्ला करते हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तिचा एक हिस्सा हृदयाचाच भाग आहे.

हार्ट अटॅक आला की दृश्य पालटतं. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. नंतर रक्तातून मोनोसाइट येतात, ज्यांचे पुढे मॅक्रोफेज होतात. उंदरांत त्यांचा मोठा साठा प्लीहेत असतो आणि तिथून ते भराभर सुटतात, हे २००९ मध्ये कळलं. सुरुवातीचे मोनोसाइट मोडतोड करणारे: मेलेला स्नायू खातात, आयएल-१ आणि टीएनएफ असे दाहाचे निरोप सोडतात. काही दिवसांनी येणारे किंवा रूप बदललेले शांत असतात, फायब्रोब्लास्टना, म्हणजे व्रण भरणाऱ्या पेशींना, कोलॅजनचे धागे विणायला लावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. आधी पाडकामवाले, मग गवंडी. पाडकामवाल्यांना हाकललं तर गवंड्यांना कामच करता येत नाही. १९७० च्या दशकात अटॅकच्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं होतं, त्यात नुकसानच झालं. व्रण नीट भरला नाही की भिंत पातळ पडते, क्वचित फाटते.

टीएनएफचंही असंच दुहेरी आहे. ज्या उंदरांत त्याचे दोन्ही रिसेप्टर (पेशीवरचे त्याला पकडणारे रेणू) नसतात, त्यांच्यात त्याच अटॅकने जास्त स्नायू मरतो. थोडा टीएनएफ पेशीला वाचवतो, जास्त झाला की मारतो. औषध हा फरक कसा करणार?

बिघाड होतो तो काम संपल्यावरही पथक जागेवरून हललं नाही तर. महिनोन् महिने थोडे थोडे नवे मोनोसाइट येत राहतात, अटॅकपासून लांबच्या चांगल्या स्नायूतही कोलॅजन साचत जातं, हृदय कडक आणि मोठं होतं. यात एक भाग असा आहे जो मला अजूनही थक्क करतो. वय वाढतं तसं अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत टीईटी२ सारख्या जनुकात बदल होतो आणि तिचीच पिलावळ रक्तात वाढत जाते. कॅन्सर नाही, त्रास नाही, साध्या तपासणीत काही कळतही नाही. पण त्या वंशातले मॅक्रोफेज आयएल-१ बीटा जास्त सोडतात, आणि ज्यांच्यात हा प्रकार आढळतो अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची वाटचाल जास्त वाईट होते असं २०१९ मध्ये दिसलं. हृदयाचं दुखणं हाडाच्या पोकळीतून!

---

शर्वरी_म

दोघांचेही खूप आभार. एवढं सविस्तर मला कुणीच सांगितलं नव्हतं.

कपाट उघडलं. शर्टांच्या घडीखाली डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी निघाली. गुडघ्यासाठी. शेजारच्या काकांनी दिली म्हणे. "रोज नाही घेत गं, दुखलं तरच," असं बाबा म्हणाले. आई म्हणाली, रोज दुखतं.

पण मग हे दाह कमी करणारंच औषध ना? सीआरपी तर तरीही ६.४ आहे. आणि कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या गोळीबद्दल वाचलं होतं, त्याचं काय?

---

गोळ्यांची_पिशवी

शर्टांच्या घडीखाली, उशीच्या अभ्र्यात, चष्म्याच्या डबीत. जागा ठरलेल्या असतात.

डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की बाबा डायक्लोफेनॅक घेत होते. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. धाप आणि सूज याच गोळीमुळे वाढली असं मी इथे बसून छातीठोकपणे म्हणणार नाही, पण क्लिनिकमध्ये माझा पहिला संशय हाच असता.

आता हे घडतं कसं ते पाहा. बाबांचं हृदय कमी रक्त ढकलतं, त्यामुळे मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. तिथल्या छोट्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन बनवतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. गुडघ्याला बरं वाटतं ते त्यामुळेच, आणि मूत्रपिंड आवळतं तेही त्यामुळेच. सोडियम नि पाणी अंगात राहतं, टोरसेमाइडचा जोर कमी पडतो. वर बाबा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोनवर आहेत, म्हणजे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही चढायची भीती. तुमचे डॉक्टर सीआरपी सोडून क्रिएटिनिनकडे का वळले असतील ते आता लक्षात आलं असेल.

थेट_बोल, पायाची सूज उतरेल म्हणालात म्हणून सांगते. ती सूज साठलेल्या पाण्याची आहे. अंगठ्याने दाबून धरा, खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो. वेदनाशामकाने ते पाणी वाढतं.

हो, आणि घाईघाईत कमी डोसची अ‍ॅस्पिरिन बंद करू नका. ती रक्ताच्या गुठळीसाठी आहे, तिचा हिशेब वेगळा. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, वरून लावायचं जेल चालेल का हे डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल घ्यायचं ठरलं तर पाण्यात फसफसणारी गोळी नको. तशा एका गोळीत जवळपास ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, आणि ते कुणाच्या डोक्यातही येत नाही.

सीआरपी तरीही ६.४ का? कारण सीआरपी यकृतात बनतो, तो मुख्यतः आयएल-६ च्या हुकमावर. डायक्लोफेनॅक त्या साखळीला फारसा हातच लावत नाही. शिवाय ६.४ नेमका कशाचा, हे तो आकडा सांगत नाही. हिरड्या, गुडघा, पोटाची चरबी, नुकताच होऊन गेलेला सर्दी-खोकला, सगळं त्यात मिसळलेलं असतं. १० च्या वर गेला तर आम्ही आधी कुठे संसर्ग आहे का ते शोधतो.

आणि एक गंमत सांगते, जी मला या सगळ्या विषयात सगळ्यात उपयोगी वाटते. अंगात पाणी साठलं की आतड्याची भिंतही सुजते. ती सुजली की आतड्यातल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष रक्तात झिरपतं आणि प्रतिकारपेशींना डिवचतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंगावर सूज असलेल्या हार्ट फेल्युअर रुग्णांच्या रक्तात एंडोटॉक्सिन जास्त सापडलं आणि पाण्याची औषधं देऊन सूज उतरवल्यावर ते कमी झालं. म्हणजे दाहाच्या नावाने जिच्याकडे कुणी बघतही नाही, ती टोरसेमाइड बाबांसाठी तेही काम करत असते. बाकीच्या गोळ्यांचंही तसंच: अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरोन स्वतःच दाह आणि फायब्रोसिस (स्नायूत कोलॅजन साचणं) वाढवतात, आणि बाबांच्या दोन गोळ्या त्यांनाच अडवतात. तुम्ही विचारलं होतं, दाहावर औषध का देत नाहीत. आडवाटेने देतायत.

कोल्चिसिन. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात त्याने पुन्हा अटॅक येण्यासारख्या घटना कमी झाल्या, असं २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं. २०२४ मध्ये अटॅकनंतरच्या ७०६२ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. हे सगळं रक्तवाहिन्यांचं झालं, ढिल्या पडलेल्या हृदयासाठी ते मान्य औषध नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठतं, क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर घेतलं तर जिवावर बेतू शकतं. स्वतःहून अजिबात नको.

---

निमाताई

माझ्या सासूबाईंना पण हार्ट फेल्युअर सांगितलंय, पण त्यांचा ईएफ ५८ आहे! वजन बरंच, साखर, बीपी. पंपिंग चांगलं असताना फेल्युअर कसं, आणि त्यांनाही हे दाहाचं लागू आहे का?

---

काचपट्टी

निमाताई, उलट त्यांना जास्तच लागू असावं. त्यांच्या प्रकारात हृदय आकुंचन पावतं नीट, पण सैल पडत नाही. २०१३ मध्ये पाउलस आणि चोपे या दोघांनी एक मांडणी केली, ती अजून बरीचशी टिकून आहे. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब यांनी सगळ्या अंगात मंद दाह राहतो. त्याने हृदयातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो आणि त्याचा सांगावा न मिळाल्याने स्नायूपेशीतलं टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं प्रथिन ताठ होतं. शर्वरींच्या बाबांच्या बाबतीत अटॅकने स्नायू मेला आणि मग दाह आला. इथे दाह आधी येतो.

---

गोळ्यांची_पिशवी

त्याला धरूनच. २०२३ मध्ये लठ्ठपणा आणि असं ताठर हृदय असलेल्या ५२९ रुग्णांत सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. वर्षभरात वजन सरासरी १३ टक्क्यांनी उतरलं, चालण्याची ताकद वाढली, त्रास कमी झाला आणि सीआरपी सुमारे ४४ टक्क्यांनी खाली आला. वजनामुळे की आणखी कशाने यावर वाद घालणारे घालतात. सासूबाईंना ते योग्य आहे का, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. एसजीएलटी२ गटातली (डापाग्लिफ्लोझिनसारखी) गोळी चालू आहे का तेवढं मात्र विचारा, ती या प्रकारातही उपयोगी ठरलीये.

---

थेट_बोल

म्हणजे दाहावर थेट औषध कधी चाललंच नाही म्हणायचं?

---

गोळ्यांची_पिशवी

असंही नाही. २०१७ ची चाचणी बघा, कॅनाकिनुमॅब, आयएल-१ बीटा रोखणारं. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले दहा हजारांवर रुग्ण. अटॅक, पक्षाघातासारख्या नव्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या, आणि नंतरच्या विश्लेषणात हार्ट फेल्युअरसाठी भरती होणंही डोस वाढवावा तसं कमी होताना दिसलं. पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. हृदयासाठी त्याला मान्यता मिळाली नाही.

आणि काही हृदयं अशी आहेत जिथे स्टेरॉइडने जीव वाचतो: जायंट सेल मायोकार्डायटिस, हृदयातला सारकॉइडोसिस, कॅन्सरच्या इम्युनोथेरपीनंतर प्रतिकारपेशी हृदयावरच उलटतात ते. तिथे शत्रू ओळखलेला असतो. नुसता सीआरपी वाढलाय म्हणून स्टेरॉइड दिलं तर पाणी तेवढं साठेल.

---

शर्वरी_म

डॉक्टरांशी बोलले. गोळी बंद, टोरसेमाइड काही दिवस वाढवलंय, रोज सकाळी वजन लिहायला सांगितलंय. बाबा रुसलेत, पण वजन स्वतःच करतात, मला काट्याजवळ येऊ देत नाहीत. आत्याला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं आधी विचारलंस.

शेवटचं, सीआरपी परत करून घ्यायचा का?

---

गोळ्यांची_पिशवी

त्यासाठी मुद्दाम सुई नको. आठवडाभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम मात्र सांगतील, ते चुकवू नका. हृदयावरचा ताण मोजायचा झाला तर एनटी-प्रोबीएनपी करा, साधा बीएनपी नको. बाबांच्या गोळीतल्या सॅक्युबिट्रिलमुळे बीएनपी एरवीच वाढलेला येतो आणि उगाच धावपळ होते. फ्लू आणि न्यूमोनियाची लस झाली नसेल तर त्याच भेटीत विचारा. थंडीतापाने भरती झालेले हार्ट फेल्युअरचे रुग्ण आम्ही दर हंगामात बघतो. आणि वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोनं चढलं तर बाबांचा रुसवा न बघता फोन करा.